बोहारणीला देण्याआधी जरा थांबा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की माझ्या आजीचं एक दंड घातलेलं, म्हणजे विरल्यावर कापून जोडलेलं लुगडं अजून माझ्याकडे आहे आणि ते मी कुणालाच देणार नाही. त्या एका ओळीवर इतकी पत्रं अन् मेसेज आलेत की या वेळी दुसरा विषयच घेता येईना. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच निवडलेत. नावं छापू नका असं बहुतेकींनी सांगितलंय म्हणून नुसती गावं देतेय.

प्रश्न (सेलू) : ताई, सासूबाई जाऊन दोन महिने झाले. त्यांच्या लोखंडी पेटीत अकरा लुगडी निघाली. दोन इरकली, एक काळी चंद्रकळा, बाकी सगळी सुती, त्यातली तीन तर फाटून दंड घातलेली. जाऊबाई म्हणायलेत बोहारीण येते तिला देऊन टाकू, नाहीतर गोधड्या शिवून घेऊ. आमचे हे म्हणतात तुम्ही बायका काय ते बघा. मला टाकवेना पण ठेवू तरी कशाला आणि कसं?

उत्तर : बाई गं, आधी एक कबुली देते. माझ्या आईचा एक जुना शालू मी स्वतःच्या हाताने बोहारणीला दिलाय आणि बदल्यात झाकणाचं स्टीलचं पातेलं घेतलं, वर अर्धा तास घासाघीस करून एक चमचाही उकळला, आणि त्या दिवशी मला वाटलं होतं की मी लई हुशार. पातेलं अजून आहे, दूध तापवताना रोज दिसतं. बोहारणीला मी नावं ठेवत नाही, ती बिचारी उन्हातान्हात डोक्यावर पाटी घेऊन फिरते, पण आपल्या घरांतला कापडाचा अर्धा इतिहास तिच्याच पाटीतून गेलाय हे खरं. उरलेला चुलीपाशी गेला, कारण खऱ्या जरीचे काठ लोक जाळून त्यातली चांदी काढून विकायचे, आणि राहिलेला गोधडीत. गोधडीत गेलेलं मात्र मी गेलं धरत नाही. जुनी वाकळ एका कडेने उसवून बघ, आत तीन-तीन पिढ्यांची जुनेरं थराथरात सापडतील.

आता पेटीचं. आधी काहीच धुवायचं नाही आणि इस्त्री तर अजिबात नाही. एखाद्या दुपारी जाऊबाईंना बोलवा, गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई बोलवा, चहा ठेवा, लुगडी एकेक करून पलंगावर पसरा आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून बाजूला ठेवून द्या. प्रत्येक लुगड्याला विचारायचं, हे कुणी घेतलं, कुठल्या बाजारात, लग्नातलं का डोहाळजेवणाचं का भावाने दिवाळीला आणलेलं, किती हाताचं, केवढ्याला. भाव सांगितला तर हाली का कलदार हे विचारायला विसरू नका, आपल्या मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजांचा कलदार त्याच्यापेक्षा भारी होता, ते धरलं नाही तर सगळा हिशोब चुकतो.

साल विचारू नका. म्हाताऱ्या बायकांना साल आठवत नाही, आठवतं ते रझाकारांच्या आधी का नंतर, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा पोर किती महिन्याचं होतं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जाताना अंगावर काय होतं, धरणात गाव गेलं त्या वर्षी का मागून. एवढं कळलं की साल आपण काढायचं, 1948, 1972, चिठ्ठीवर दोन्ही लिहायचं, त्यांचे शब्द पण आणि आपलं साल पण. किल्लारीकडच्या बायकांना 30 सप्टेंबर 1993 ही एकच खूण पुरते, भूकंपाआधीचं आणि नंतरचं. आधीचं फारसं राहिलंच नाही, पेट्या भिंतींखाली गेल्या.

आणि ती तीन दंडाची लुगडी, ती तर आधी बाजूला काढ. नव्या मुलींसाठी सांगते, लुगडं मधोमध विरलं की ते आडवं कापायचे, विरलेला भाग काढून टाकायचा आणि दोन चांगली टोकं एकमेकांना शिवायची, त्या जोडाला दंड म्हणतात. त्या दंडावरून बाईच्या घरची परिस्थिती वाचता येते. टाके बारीक आहेत का घाईचे, दोन्ही तुकडे एकाच लुगड्याचे का दोन वेगळ्यांचे, नेसल्यावर दंड कासोट्यात लपायचा का बाहेर दिसायचा. पैठण्या आणि शालू सगळेच जपतात हो, म्युझियमच्या कपाटात रेशीम पुष्कळ आहे. शेतात खुरपायला जाताना जे रोज नेसलं ते मात्र कुणी ठेवलं नाही, कारण ते अंगावरच संपलं. तुझ्याकडे तीन आहेत म्हणजे तू श्रीमंत आहेस असं समज.

चंद्रकळेला जरा जपून हात लाव. जुना काळा रंग बऱ्याचदा लोखंडाच्या पाण्याचा असायचा आणि तो रंग कापडाला आतून खातो, घडीवर बोट फिरवलं तरी पापडासारखं तुटतं. तिला घडी घालूच नको, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी धुतलेलं मांजरपाट गुंडाळ आणि त्याच्यावर ती गुंडाळ. बाकीच्यांना घडी चालेल, पण घडीच्या मोडीत मऊ कापडाची वळकटी घाल आणि दर पावसाळ्यानंतर घडीची जागा बदल. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट राहतं. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नको, जरीला तर मुळीच नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवला तरी चालतो. सुती लुगड्यात खळ राहिली असेल तर कसर लागायची भीती असते म्हणून अधूनमधून उघडून बघत जा. लोखंडी पेटीला आतून मांजरपाटाचं अस्तर दे, गंज लागला की तो डाग जन्माचा. चिठ्ठी पिनने टोचायची नाही, पांढऱ्या सुती फितीवर पेन्सिलीने नंबर लिहून दोन टाक्यांनी शिवायची आणि त्या नंबरची माहिती वहीत.

सगळी अकरा ठेवायला जागा नाही हे मला कळतं, शहरातल्या फ्लॅटमधे माणसं ठेवायलाच जागा नसते. मग असं कर, चार ठेव, बाकीच्यांच्या गोधड्या शिवू दे जाऊबाईंना, त्यांचंही मन राहील. फक्त शिवायच्या आधी प्रत्येक लुगड्याचा काठासकट वीतभर तुकडा कापून घे आणि जाड कागदाच्या वहीत टाक्याने लाव, डिंकाने नको. बाजूला सगळं लिही. हे काही मी डोक्यातून काढलेलं नाही, ते पुढच्या उत्तरात येतं.

प्रश्न (लातूर, निवृत्त शिक्षक) : वेशभूषेच्या इतिहासावर घुर्ये, मोतीचंद्र अशा विद्वानांनी ग्रंथ लिहिले. महिलांनी साड्या जमवल्या, आठवणी सांगितल्या हे ठीक, पण त्याला इतिहास म्हणावं का? हौस आणि संशोधन यात काही फरक ठेवाल की नाही?

उत्तर : गुरुजी, फरक ठेवते. पण तुम्ही ज्याला हौस म्हणताय तीच बऱ्याच ठिकाणी आधी होती आणि संशोधन तिच्या मागून आलं.

इंग्लंडात बार्बरा जॉन्सन नावाची एका पाद्र्याची मुलगी होती. तिने 1746 पासून 1823 पर्यंत, म्हणजे जवळजवळ पूर्ण आयुष्यभर, आपल्यासाठी घेतलेल्या कापडांचे तुकडे एका हिशोबाच्या वहीत लावले आणि शेजारी किती वार, काय भाव, त्याचं काय शिवलं ते लिहून ठेवलं. कुणासाठी लिहिलं असेल? स्वतःसाठीच. आज ती वही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे आहे आणि अठराव्या शतकातली साधी मध्यमवर्गीय बाई काय घालायची हे बघायचं असेल तर विद्वानांना तिच्याचकडे जावं लागतं. राजेराण्यांची चित्रं ढिगाने आहेत, पण चित्रात कापडाचा भाव लिहिलेला नसतो ना.

तिकडची म्युझियमं पण बघा. न्यूयॉर्कला आयरीन लुइसन या नाटकवेड्या बाईच्या पुढाकाराने 1937 साली पोशाखाचं म्युझियम निघालं, 1946 ला ते मेट्रोपॉलिटन म्युझियममधे गेलं आणि आज ज्याच्या नावाने दरवर्षी मे महिन्यात आपल्या नट्या लांब-लांब झगे घालून फोटो काढून घेतात ते हेच. बाथ शहरातलं कॉस्च्युम म्युझियम डोरिस लँगली मूर यांच्या स्वतःच्या संग्रहावर 1963 ला उभं राहिलं. या बाई भारी होत्या, जुन्या काळी बायकांची कंबर अठरा इंच असायची ही जी गोष्ट सगळे सांगत होते ती त्यांनी टेप घेऊन, जुने ड्रेस मोजून खोटी ठरवली. आणि जॅनेट अर्नोल्ड म्युझियममधला एकेक जुना कपडा शिवणीसकट मोजून त्याचा कागदावर बेत उतरवायच्या, 1964 पासून त्यांची पुस्तकं यायला लागली आणि नाटक-सिनेमावाले अजून ती उघडून ठेवून कापड कापतात. याला शिवणकाम म्हणायचं का संशोधन, तुम्हीच सांगा. मला विचाराल तर ज्याला शिवण कळत नाही त्याला कपड्याचा इतिहास अर्धाच कळतो.

आता आपल्या दाराशी या. अजिंठ्याच्या चित्रांतले कपडे आपण पुस्तकांत बघतो, पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं, बाह्यांच्या चोळ्या, मुकुट. ती चित्रं उतरवून घ्यायचे आधीचे दोन मोठे प्रयत्न आगीत गेले. रॉबर्ट गिल यांच्या नकला 1866 ला जळाल्या आणि ग्रिफिथ्स यांच्या बऱ्याचशा 1885 ला, दोन्ही वेळा लंडनमधेच. मग ख्रिस्तियाना हेरिंगहॅम नावाची इंग्रज चित्रकार बाई 1909 ते 1911 च्या दोन हिवाळ्यांत फर्दापूरला तंबू ठोकून राहिली, बरोबर नंदलाल बोसांसारखी तरुण मंडळी, आणि त्यांनी पुन्हा नकला केल्या, त्या 1915 ला छापल्या गेल्या. तिच्याबरोबर डोरोथी लार्चर नावाची अजून एक चित्रकार होती, ती इथे ठशांची छपाई शिकली आणि परत जाऊन तिने इंग्लंडात हाताने छापलेल्या कापडाचं मोठं काम उभं केलं. फर्दापूर आपल्या सोयगाव तालुक्यात आहे गुरुजी, आणि तिथून जाणाऱ्या बसमधे बसलेल्या किती जणांना ही दोन नावं माहिती असतील?

देशातलं सांगायचं तर अहमदाबादचं कॅलिको म्युझियम 1949 ला गिरा साराभाई आणि त्यांच्या भावाने उभं केलं. कमलादेवी चट्टोपाध्याय 1952 पासून हस्तकला मंडळावर होत्या, गावोगाव कारागिरांच्या घरी जाऊन बसायच्या. शांताल बुलाँजे नावाची फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ बाई साडी नेसायच्या शंभराच्या आसपास पद्धती बायकांकडून शिकून, नोंदवून 1997 ला पुस्तक काढून गेली, आणि ऋता कपूर चिश्ती यांनी 108 पद्धती नोंदवल्यात. इथे एक मुद्दा आहे बरं का. नेसणं कपाटात ठेवता येत नाही. लुगडं घडी घातलं की ते नुसतं लांब कापड, ओचा कुठे, निऱ्या किती, कासोटा कसा खोचला हे बाईच्या हातात असतं. घरात बसून ते नोंदवणं पुरुष संशोधकाला किती जमलं असतं, तुम्हीच विचार करा.

पुण्याचं केळकर म्युझियम तुम्ही सहलीला पोरांना दाखवलं असेलच. दिनकर केळकरांनी आयुष्य घातलं त्यात, शंका नाही. पण जुन्या घरांच्या माजघरात शिरून चोळ्या, फण्या, अडकित्ते बाहेर काढायचे तर आतल्या बायकांशी बोलायला बाईच लागते, आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या सोबत होत्या. पाटीवर त्यांच्या मुलाचं, राजाचं, आणि वडिलांचं नाव आहे, आईचं नाही. एवढंच म्हणणं आहे माझं, हौस म्हणून सोडून द्यायचं असेल तर दोघांचंही सोडा.

प्रश्न (अंबाजोगाई) : मी एम.ए.ला आहे. प्रोजेक्टसाठी आमच्या भागातल्या बायकांचा जुना पोशाख हा विषय घेतलाय. गावात गेले, आज्ज्यांना विचारलं की पूर्वीचा पोशाख कसा होता तर सगळ्या एकच सांगतात, लुगडं आणि चोळी. पुढं काहीच नाही. कसं विचारू?

उत्तर : तू प्रश्न पेपरातला विचारलास म्हणून उत्तर पेपरातलं आलं. पूर्वीचा पोशाख कसा होता असं विचारल्यावर मी पण लुगडं-चोळीच सांगेन. तुझ्याकडे किती लुगडी होती ते विचार. बहुतेक जणी हसतील आणि म्हणतील दोन, एक अंगावर अन् एक दोरीवर. मग पावसाळ्यात वाळलं नाही तर काय करायचीस? इथून ती बोलायला लागते, थांबत नाही. चोळीचा खण कोण आणायचं, कोण शिवायचं, गाठीची चोळी सोडून ब्लाऊज पहिल्यांदा कुणी घातला गावात आणि लोक काय म्हणाले, गोल साडी पहिल्यांदा कुणाच्या सुनेने नेसली, सासूने ती नेसू दिली का.

आणि कोण काय नेसू शकत नव्हतं हे विचारल्याशिवाय उठू नको. बेबी कांबळे यांनी जिणं आमुचं मधे लिहून ठेवलंय की महारांच्या बायकांना लुगड्याचे काठ दिसतील असं नेसायची मुभा नव्हती, काठ निऱ्यांत दडवावे लागायचे, काठ मिरवायचा हक्क वरच्या जातीच्या बायकांचा. एवढ्या एका नोंदीत जो इतिहास आहे तो हजार पैठण्यांच्या फोटोत नाही. मग 1927 च्या डिसेंबरमधे महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की लुगडं नेसायची तुमची पद्धत बदला, ओळखू येणारे जड दागिने सोडा, आणि बायकांनी लगेच नेसणं बदललं. हे घडलं कोकणात पण आपल्याकडच्या आज्ज्यांकडेही विचारून बघ, तुमच्या वस्तीत ते कधी आणि कुणी सुरू केलं. या चळवळीतल्या बायकांच्या आठवणी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघरी फिरून गोळा केल्या, आम्हीही इतिहास घडवला, 1989. ते पुस्तक तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत असायलाच पाहिजे, नसलं तर मागणी टाक.

जात्यावरच्या ओव्या पण ऐक. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या टीमने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात आपल्याकडच्या माजलगावच्या बायका आहेत, परभणीकडच्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे आहेत, आणि आता बऱ्याचशा इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. ओव्यांत भावाने घेतलेली चोळी, खणाचा रंग, शिंपी, पदर हे सारखं येत राहतं. सरोजिनी बाबर यांनी पण लोकगीतांचं असंच प्रचंड काम केलंय.

तांड्यावर जाणार असशील तर एकटी जाऊ नको, तांड्यातलीच कुणीतरी मैत्रीण बरोबर घे. लमाण बायकांचा फेटिया, कांचळी, आरशा-कवड्यांचं भरतकाम, हातातल्या बलिया, प्रत्येकाला त्यांच्या गोरमाटी बोलीत वेगळा शब्द आहे, तो तसाच लिही, घागरा-चोली म्हणून सपाट करू नको. फोटो काढायच्या आधी विचार. आणि कपडा विकत मागू नको, त्यांच्याकडून जुनं भरतकाम स्वस्तात नेऊन, कापून, त्याच्या पर्सा शिवून विकणारे व्यापारी आधीच भरपूर येऊन गेलेत, तू त्यांच्यातलीच वाटशील. रेकॉर्डिंगची एक कॉपी पेनड्राइव्हवर त्या बाईच्या नातवाला देऊन ये. प्रोजेक्टच्या शेवटी आभार मानताना गाईडच्या आधी तिचं नाव लिहिता आलं तर बघ, गाईडला काय वाटायचं ते वाटू दे.

प्रश्न (जालना) : आईची पैठणी खरी आहे का ओळखायचं कसं? आणि हिमरू म्हणजे पैठणीच ना?

उत्तर : पदर उलटा करून बघा. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, मागे लोंबणारे धागे नसतात, कारण नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने जागच्या जागी विणून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. मागे धाग्यांचं रान दिसलं तर ती मशीनची. पण मशीनची निघाली म्हणून आईला सांगत बसू नका, तिच्या लग्नातली आहे ना मग झालं.

हिमरू वेगळं. ते सूत आणि रेशीम मिळून विणलेलं संभाजीनगरचं कापड, शाली, शेरवान्या, अचकनीसाठी, भारी किनखाबाची स्वस्तातली बहीण म्हणा. मशरू अजून तिसरं, वरून रेशीम आणि अंगाला लागणारी बाजू सुती. आणि कापडासाठी आपला भाग काही आजच प्रसिद्ध झालेला नाही बरं का, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ही दोन्ही नावं आहेत, आणि तेरहून मलमल आणि साधं कापड गाड्या भरभरून भडोचला जायचं असं त्यात लिहिलंय. विणलं कुणी ते लिहिलं नाही. सूत कुणी कातलं ते तर नाहीच नाही.

प्रश्न (नांदेड) : आजीचा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, त्यात तिची साडी एकदम काळी दिसते. मामा म्हणतो लाल होती, मावशी म्हणते काळीच. फोटो कलर करून घ्यायचाय, कोणता रंग सांगू?

उत्तर : मामाचं बरोबर असू शकतं. फार जुन्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे लाल कुंकू, लाल साडी सगळं काळं यायचं आणि निळं फिक्कट. पण मावशीने ते लुगडं धुतलं असेल आणि मामाने नुसतं बघितलं असेल, तेव्हा लगेच मामाच्या बाजूने जाऊ नका. आजीच्या बरोबरीची कुणी हयात असेल तर तिला फोटो दाखवा, रंग विचारू नका, हे लुगडं कुठलं एवढंच विचारा, रंग ती आपणहून सांगेल. ओरिजिनल फोटोला हात न लावता कॉपीच कलर करा. आणि कोण काय म्हणालं ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा, मामाचं पण आणि मावशीचं पण. बॉलपेन नको, पुढून उमटतो.